८४ चे सगळे विभाजक, आणि एकही सुटला नाही हे कशावरून?

भाचीच्या गणिताच्या वहीत साधाच प्रश्न होता : ८४ चे सर्व विभाजक लिहा. तिनं लिहिलं होतं १, २, ३, ४, ६, ७, १२, ४२, ८४. शेजारी लाल फुली. "मामा, यातला एक तरी आकडा चुकलाय का, सांग ना!" तिचा राग अगदीच अनाठायी नव्हता. नऊच्या नऊ आकड्यांनी ८४ ला पूर्ण भाग जातो. चूक लिहिलेल्यात नव्हतीच, न लिहिलेल्यात होती. १४, २१ आणि २८ हे तिघं वहीबाहेर राहिले होते.

या प्रश्नात 'विभाजक' हा शब्द अवघड नाही, 'सर्व' हा आहे. एखादा विभाजक कुणालाही सापडतो, संख्या सम असेल तर २ समोरच उभा असतो. पण आता सगळे मिळाले, शोध थांबवला तरी चालेल, असं छातीठोकपणे कधी म्हणायचं? पुढचं सगळं या एका प्रश्नापायी.

व्याख्या दोन ओळींत उरकू. ज्या संख्येनं भागल्यावर बाकी शून्य उरते ती विभाजक. कुणी अवयव म्हणतं, कुणी भाजक म्हणतं, अर्थ तोच. १ आणि ती संख्या स्वतः हे दोघं यादीत हवेतच, आणि घाईत नेमके तेच विसरले जातात. ऋण संख्यांनीही भाग जातो, पण शाळेत आणि या लेखात त्यांना बाहेर ठेवू. शून्यालाही बाहेरच ठेवू, कारण शून्याला प्रत्येक संख्येनं भाग जातो आणि मग यादी संपायचीच नाही.

विभाजक एकटा येत नाही

८४ ला ३ नं भाग गेला की भागाकार २८ येतो. म्हणजे ३ सापडला त्याच क्षणी २८ ही सापडला, तो काही वेगळा शोधायचा नव्हता. भाचीनं ३ लिहिला आणि २८ विसरली, ४ लिहिला आणि २१ विसरली, ६ लिहिला आणि १४ विसरली. विभाजक जोडीनं येतात. म्हणून ते एका रांगेत लिहायचेच नाहीत, जोडीनं लिहायचे :

१ × ८४
२ × ४२
३ × २८
४ × २१
६ × १४
७ × १२

डावीकडचा आकडा चढतो, उजवीकडचा उतरतो. दोघं एकमेकांकडे निघालेत, कुठेतरी गाठ पडणार. ८ नं भाग जात नाही, ९ नं जात नाही. पुढे १० ला हात लावायची गरज नाही. का? समजा, एखादी जोडी अजून सापडायची राहिली आहे. तिच्यातला एक जण ९ किंवा त्याहून लहान असता, तर आपण १ ते ९ तपासताना तो सापडलाच असता. म्हणजे दोघंही १० किंवा त्याहून मोठे हवेत. पण मग त्यांचा गुणाकार निदान १०० होईल, आणि आपली संख्या तर ८४ आहे. अशी जोडी असूच शकत नाही.

या युक्तिवादात शोध थांबवायची जागा मिळाली. पुस्तकात तिला 'वर्गमूळापर्यंत तपासा' असं म्हणतात, पण त्यासाठी वर्गमूळ काढत बसायला नको. ज्या आकड्याचा वर्ग आपल्या संख्येच्या पुढे जातो तिथं थांबायचं. ९ चा वर्ग ८१, १० चा १००, म्हणून ९ वर काम संपलं.

निम्म्यापर्यंत तपासा, असाही सल्ला पुष्कळ जण देतात. तो चुकीचा नाही, कारण संख्या स्वतः सोडली तर निम्म्याहून मोठा विभाजक नसतोच. पण तो फार महागात पडतो. संख्या १० लाखांच्या घरात गेली की निम्म्यापर्यंत म्हणजे ५ लाख भागाकार, आणि वर्गमूळापर्यंत म्हणजे फक्त १०००.

जोडीमुळे आणखी एक गोष्ट फुकटात कळते. विभाजक जोडीनं येतात म्हटल्यावर त्यांची एकूण संख्या सम यायला हवी, आणि बहुतेक वेळा येतेच. अपवाद पूर्ण वर्गांचा. ३६ मध्ये ६ ची जोडी ६ शीच लागते, म्हणून तो एकदाच मोजायचा, आणि ३६ चे विभाजक ९ भरतात. तुमच्या यादीतल्या आकड्यांची मोजणी विषम भरली आणि संख्या पूर्ण वर्ग नसेल, तर कुणीतरी नक्की सुटलंय.

७५६ : सत्तावीस तपासण्या, पण खरे भागाकार किती?

आता जरा मोठी संख्या घेऊ, ७५६. २७ चा वर्ग ७२९, २८ चा ७८४. म्हणजे १ ते २७ तपासायचे. सत्तावीस भागाकार म्हटलं की कंटाळा येतो, पण प्रत्यक्षात इतके करावे लागत नाहीत. विभाज्यतेच्या कसोट्या इथं उपयोगी पडतात.

शेवटचा अंक सम, म्हणून २ जातो. शेवटच्या दोन अंकांची संख्या ५६, तिला ४ नं भाग जातो, म्हणून ४ जातो. हे असं का चालतं? १०० ला ४ नं पूर्ण भाग जातो, त्यामुळे शतकांच्या आणि पुढच्या अंकांकडे बघायचं कारणच उरत नाही. शेवटी ० किंवा ५ नाही, म्हणून ५ बाद.

अंकांची बेरीज ७ + ५ + ६ = १८. तिला ९ नं भाग जातो, म्हणून ७५६ लाही जातो, आणि ९ गेला म्हणजे ३ गेलाच. ही कसोटी पाठ सगळ्यांची असते, तिचं कारण मात्र फार थोड्यांना सांगता येतं. १०० म्हणजे ९९ अधिक १, आणि १० म्हणजे ९ अधिक १. म्हणून ७०० म्हणजे ७ वेळा ९९ आणि वर ७, तर ५० म्हणजे ५ वेळा ९ आणि वर ५. ९९ आणि ९ चा वाटा ९ नं आपोआप भागला जातो. बाकी राहतात ७, ५ आणि ६, म्हणजे अंकांची बेरीजच.

७ ची कसोटी मला सगळ्यात आवडते, कारण ती पहिल्यांदा ऐकताना थाप वाटते. शेवटचा अंक काढून टाका आणि त्याची दुप्पट उरलेल्या संख्येतून वजा करा. ७५६ मधून ६ काढला, राहिले ७५. त्यातून १२ गेले, राहिले ६३. ६३ ला ७ नं भाग जातो, म्हणून ७५६ लाही जातो. इथं आपण नकळत ७५६ मधून ६ वेळा २१, म्हणजे १२६ वजा केले आणि ६३० वर आलो. २१ हा सातचाच पाढा, त्यामुळे त्या वजाबाकीनं ७ च्या दृष्टीनं काही बिघडलं नाही. ६३० च्या शेवटचं शून्य आपण पुसलं, त्यानंही बिघडलं नाही, कारण १० चा आणि ७ चा काही संबंध नाही.

११ साठी अंक आलटून पालटून अधिक-उणे करायचे : ७ − ५ + ६ = ८. उत्तर ० किंवा ११ च्या पटीत नाही, म्हणून ११ बाद.

आता दुसरी युक्ती. जो भाग जात नाही, त्याच्या पटीतलाही कोणी जात नाही. ५ गेला नाही, म्हणून १०, १५, २०, २५ न तपासताच बाद. ८ गेला नाही (७५६ चे निम्मे ३७८, त्याचे निम्मे १८९, आणि पुढे विषम), म्हणून १६ आणि २४ बाद. ११ गेला नाही, म्हणून २२ बाद. कागद-पेन्सिल घेऊन खराखुरा भागाकार करावा लागतो तो फक्त १३, १७, १९ आणि २३ या चौघांसाठी. १३ ची बाकी २, १७ ची ८, १९ ची १५, २३ ची २०. चौघंही बाद, आणि १३ गेला नाही म्हणून २६ ही बाद. सत्तावीस तपासण्यांचं काम चार भागाकारांत संपलं.

इथं एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. ७५६ ला ४ नं भाग जातो, ६ नंही जातो. मग ४ × ६, म्हणजे २४ नं जायला हवा ना? नाही जात, ७५६ भागिले २४ म्हणजे साडेएकतीस. ४ मध्ये दोन २ आहेत, ६ मध्ये एक २ आहे, आणि आपण तिन्ही वेगवेगळे धरले. प्रत्यक्षात ७५६ कडे दोनच २ आहेत आणि ६ मधला २ हा त्या दोघांतलाच एक. अशी जोडणी फक्त सहमूळ संख्यांची करता येते, म्हणजे ज्यांच्यात १ सोडून सामाईक काही नाही त्यांची. ४ आणि ३ सहमूळ आहेत, म्हणून १२ बिनधोक. ४ आणि ७ सहमूळ, म्हणून २८ बिनधोक.

जोड्या अशा लागल्या : १ × ७५६, २ × ३७८, ३ × २५२, ४ × १८९, ६ × १२६, ७ × १०८, ९ × ८४, १२ × ६३, १४ × ५४, १८ × ४२, २१ × ३६, २७ × २८. शेवटच्या जोडीत दोघं किती जवळ आलेत बघा. निम्म्यापर्यंत जाणाऱ्यानं यापुढे आणखी साडेतीनशे आकडे तपासले असते आणि हाती आलं असतं ते उजवीकडे आधीच लिहिलेलं.

यादी बनवायचा दुसरा रस्ता

संख्येला पार मोडून बघायचं हा दुसरा रस्ता. ७५६ चे निम्मे ३७८, पुन्हा निम्मे १८९. आता २ संपले. १८९ ला ३ नं भागून ६३, पुन्हा २१, पुन्हा ७. म्हणजे

७५६ = २ × २ × ३ × ३ × ३ × ७

हे मूळ अवयव, म्हणजे ज्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत असे. इथं पुष्कळांची गल्लत होते. प्रश्न 'सर्व विभाजक' विचारतो आणि उत्तरात लिहिलं जातं २, ३, ७. मूळ अवयव हा कच्चा माल आहे, विभाजक त्यापासून बनतात.

बनतात कसे? ७५६ चा कोणताही विभाजक घ्या, तो याच सहा तुकड्यांतले काही तुकडे उचलून झालेला असतो. बाहेरचा तुकडा त्यात येऊ शकत नाही, कारण कोणत्याही संख्येची मूळ अवयवांत फोड एकाच प्रकारे होते. याला अंकगणिताचा मूलभूत सिद्धांत म्हणतात आणि त्याची नेमकी मांडणी व सिद्धता जर्मन गणिती गाऊसनं १८०१ साली दिली. इतकी उघड वाटणारी गोष्ट सिद्ध करायला लागते, याचंच अनेकांना आश्चर्य वाटतं.

तर विभाजक बनवायचा म्हणजे तीन निवडी करायच्या. २ किती घ्यायचे : एकही नाही, एक, किंवा दोन. तीन पर्याय झाले. ३ किती : एकही नाही, एक, दोन, तीन. चार पर्याय. ७ घ्यायचा की नाही : दोन पर्याय. एकूण ३ × ४ × २ = २४. यादीतला एकही आकडा न लिहिता कळलं की ७५६ चे विभाजक २४ आहेत. वरच्या बारा जोड्या मोजा, हिशेब जुळतो.

'एकही नाही' हा पर्याय मोजायला विसरलं की सगळं कोसळतं. दोन २, तीन ३ आणि एक ७, म्हणून २ × ३ × १ = ६ विभाजक, असं उत्तर मी अनेक वह्यांत पाहिलंय. एकही तुकडा न उचलता जो विभाजक बनतो तो म्हणजे १, आणि त्याला यादीत जागा द्यायलाच हवी.

प्रत्यक्ष यादीसाठी आधी फक्त २ पासून बनणारे विभाजक एका ओळीत लिहा. मग ती ओळ ३ नं गुणत खाली उतरा :

१, २, ४
३, ६, १२
९, १८, ३६
२७, ५४, १०८

हे बारा झाले, यांत कुणातच ७ नाही. आता या सगळ्यांना ७ नं गुणा :

७, १४, २८
२१, ४२, ८४
६३, १२६, २५२
१८९, ३७८, ७५६

चोवीस पूर्ण. कसोटी नाही, बाकी नाही, अंदाज नाही. माझं मत विचाराल तर संख्या शंभराच्या आत असेल तेव्हा जोड्यांची पद्धत, आणि त्यापुढे हीच.

आता भाचीच्या ८४ कडे परत जाऊ. ८४ = २ × २ × ३ × ७. पर्याय ३ × २ × २ = १२. तिच्याकडे नऊ होते. म्हणजे तीन कमी आहेत, हे यादी पुन्हा न तपासताच कळलं असतं.

याहूनही भारी एक तपासणी आहे, ती शाळेत सहसा सांगत नाहीत. सगळ्या विभाजकांची बेरीजही आधीच काढता येते. ८४ साठी (१ + २ + ४) × (१ + ३) × (१ + ७), म्हणजे ७ × ४ × ८ = २२४. कंस सोडवून बघा. पहिल्या कंसातून एक, दुसऱ्यातून एक, तिसऱ्यातून एक असं उचलत गेलं की प्रत्येक विभाजक बरोबर एकदाच तयार होतो, म्हणून ही त्यांची बेरीज. भाचीच्या नऊ आकड्यांची बेरीज १६१. कमी पडले ६३, आणि १४ + २१ + २८ म्हणजे ६३ च. एकच विभाजक सुटला असेल तर गंमत आणखी वाढते, कारण मग जितकी बेरीज कमी पडते तोच हरवलेला विभाजक! ७५६ साठी हीच बेरीज ७ × ४० × ८ = २२४० येते. वेळ असेल तर वरचे चोवीस आकडे मिळवून बघा.

विभाजकांच्या संख्येचा विषय निघाला की रामानुजन यांचं नाव येतंच. आपल्याहून लहान अशा प्रत्येक संख्येपेक्षा जिचे विभाजक जास्त आहेत, अशा संख्यांवर त्यांनी १९१५ साली लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात मोठा निबंध लिहिला. या संख्या १, २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२० अशा सुरू होतात. निबंधात त्यांनी हातानं केलेला एक तक्ता आहे. त्यातली शेवटची संख्या ६७४६३२८३८८८००, आणि तिचे विभाजक १००८०. आपल्या पर्यायांच्या हिशेबानं हे पडताळता येतं : तिच्यात २ सहा वेळा, ३ चार वेळा, ५ आणि ७ दोन-दोन वेळा, आणि ११, १३, १७, १९, २३ एकेकदा. म्हणून ७ × ५ × ३ × ३ × २ × २ × २ × २ × २ = १००८०.

त्या तक्त्यात एक संख्या मात्र सुटली आहे, २९३३१८६२५६००. तिचे विभाजक ५०४०. तक्त्यातल्या शेवटच्या संख्येला २३ नं भागलं की नेमकी हीच मिळते. भाचीला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

काहीच सापडलं नाही तर?

३९१ बघा. २, ३, ५ नं भाग जात नाही. ७ नं भागलं तर बाकी ६, ११ नं भागलं तरी बाकी ६, १३ नं बाकी १. इथवर आलं की माणूस 'मूळ संख्या' असं लिहून मोकळा होतो. पण १९ चा वर्ग ३६१ आणि २० चा ४००, म्हणजे १९ पर्यंत जायलाच हवं. १७ नं भागा, २३ येतात, बाकी शून्य. ३९१ = १७ × २३. विभाजक चार : १, १७, २३, ३९१.

शेजारच्या ३९७ लाही तोच रस्ता. बाकी अनुक्रमे ७ ची ५, ११ ची १, १३ ची ७, १७ ची ६, १९ ची १७. इथं थांबायचं आणि ३९७ मूळ आहे असं खुशाल म्हणायचं. या तपासणीत ४, ६, ९, १५ असले आकडे घेत बसू नका. ६ नं भाग जायचा असता तर २ नं आधीच गेला असता. फक्त मूळ संख्या तपासायच्या.

पण संख्येचे दोन्ही अवयव मोठे असले की ही पद्धत दमवते. ५१८३ घ्या. २ पासून एकेक मूळ संख्या घेत निघालात तर एकोणीस वेळा हात हलवत परत याल आणि विसाव्या खेपेला ७१ वर गाठ पडेल. त्याऐवजी हे बघा : ७२ चा वर्ग ५१८४. म्हणजे ५१८३ = ७२ चा वर्ग वजा १ चा वर्ग. आणि दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले फरक, हे सूत्र आठवीपासून पाठ आहेच. (७२ + १) × (७२ − १) = ७३ × ७१. एका फटक्यात.

युक्ती अशी : संख्येच्या लगेच पुढचा पूर्ण वर्ग घ्या, त्यातून संख्या वजा करा, उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का बघा. नसेल तर पुढचा वर्ग. नारायण पंडितांच्या १३५६ सालच्या गणितकौमुदीत 'भागादान' नावाचं अख्खं प्रकरण विभाजक शोधण्यावर आहे आणि त्यात याच तऱ्हेची रीत आहे. युरोपात ती फ्रेंच गणिती फर्माच्या नावानं ओळखली जाते. त्यानं १६४३ च्या एका पत्रात २०२७६५१२८१ ही संख्या फोडून दाखवली. वर्गमूळाच्या पुढचा पहिला आकडा ४५०३०, तिथून निघून बाराव्या खेपेला ४५०४१ वर गणित जुळलं. वजाबाकी १०४०४००, म्हणजे १०२० चा वर्ग. उत्तर ४४०२१ × ४६०६१. मूळ संख्यांनी एकेक भागाकार करत तिथं पोचायला साडेचार हजारांच्या आसपास भागाकार लागले असते.

मात्र या रीतीला संख्या तिच्या मनासारखी लागते. दोन अवयव एकमेकांजवळ असतील तरच ती पळते. १००१ वर चालवा : ३२ चा वर्ग १०२४, फरक २३, जमत नाही. ३३ घ्या, फरक ८८. असं करत करत चौदाव्या खेपेला ४५ वर याल, फरक १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग, आणि उत्तर ७७ × १३. साध्या भागाकारानं ७ चौथ्याच प्रयत्नात सापडला असता. आणि ही रीत विषम संख्यांसाठीच. २ असतील ते आधी काढून बाजूला ठेवायचे.

मोठ्या संख्या, आणि एक विचित्र परिस्थिती

संख्या फार मोठी झाली की असं घडतं : तिला विभाजक आहेत हे पक्कं माहीत असतं, पण एकही हाती लागत नाही. हे कसं शक्य आहे, असं वाटेल. छोट्या आकड्यावर दाखवतो. मूळ संख्यांचा एक नियम आहे. मूळ संख्या जितकी, तितके २ एकमेकांशी गुणा, त्यातून २ वजा करा, उरलेल्याला त्या मूळ संख्येनं भाग जायलाच हवा. ५ घ्या : २ चा पाचवा घात ३२, वजा २ म्हणजे ३०, त्याला ५ नं भाग जातो. आता १५ घ्या : २ चा पंधरावा घात ३२७६८, वजा २ म्हणजे ३२७६६. १५ नं भागलं तर बाकी ६. नियम मोडला, म्हणून १५ मूळ नाही. या सगळ्यात ३ किंवा ५ चं नावही कुठे आलं नाही! (उलटं मात्र धरू नका. ३४१ ही ११ × ३१ असूनही ही परीक्षा पास होते.)

२ चा ६७ वा घात वजा १, म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, ही संख्या मूळ आहे असं फ्रेंच गणिती मर्सेननं १६४४ साली सांगितलं होतं. १८७६ मध्ये ल्यूकासनं याहून पक्की अशी एक परीक्षा लावून ती मूळ नसल्याचं दाखवलं, पण तिचा एकही अवयव त्याला माहीत नव्हता. तो मिळायला १९०३ उजाडावं लागलं. फ्रँक नेल्सन कोल यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत तो मांडला : १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. हा गुणाकार पाटीवर कुणीही पडताळू शकतं, अर्धा तास लागेल फार तर. शोधायचं म्हटलं तर संगणकाशिवायच्या काळात ते काम किती चिकाटीचं, याची कल्पना करा.

मूळ आहे की नाही हे ओळखणं आणि अवयव शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दोघांच्या अवघडपणात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या कामासाठी कधीही न चुकणारी आणि झपाट्यानं चालणारी पद्धत आहे, हे २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. दुसऱ्या कामासाठी साध्या संगणकावर चालणारी अशी पद्धत कुणाला मिळालेली नाही. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी सांकेतिक लेखनाची जी आरएसए पद्धत काढली, ती याच फरकावर उभी आहे. दोन मोठ्या मूळ संख्या घ्यायच्या, गुणाकार जगजाहीर करायचा, आणि त्या दोन संख्या स्वतःकडे ठेवायच्या. गुणाकार सगळ्यांना दिसतो, पण तो फोडता कुणाला येत नाही.

फोडायचा प्रयत्न अर्थातच होत असतो. आव्हान म्हणून जाहीर केलेली २५० अंकी संख्या, आरएसए-२५०, फेब्रुवारी २०२० मध्ये फुटली. पुष्कळ संगणक एकाच वेळी राबले, आणि ते सगळं काम संगणकाच्या एकाच गाभ्यावर टाकलं असतं तर सुमारे २७०० वर्षं लागली असती. निघाले ते १२५-१२५ अंकी दोन मूळ अवयव. भाचीच्या वहीतल्या रीतीनं मोजायचं तर पर्याय २ × २, म्हणजे त्या संख्येचे सर्व विभाजक चारच. त्यातले दोन तर पहिल्या दिवसापासून माहीत होते.